हमदम-अमाकींचा हात

प्राध्यापक इक्रोमोव दोमलांनी फोटो चहासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवला आणि सांगून टाकलं, ही दीर्घिका लांबट नाहीच. दुर्बीण धरणाऱ्याचा हात हललाय, म्हणून लांबट उमटलीय.

दुर्बीण धरणारे हमदम-अमाकी, म्हणजे वेधशाळेतल्या सगळ्यांचे काका, समोरच चहा ओतत होते. फोटोच्या काचेवर आकाश उमटायला चार तास लागतात. तेवढा वेळ एक तारा दुर्बिणीतल्या फुलीच्या मधोमध धरून ठेवायचा, हे काम ते एकतीस वर्षं करत आले होते. त्यांचा हात हलला असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

"वय झालं, अमाकी," दोमला समजुतीच्या सुरात म्हणाले. "आता हे काम तरुण हातात देऊ या."

अमाकींना ते फार लागलं. त्यांनी दोमलांचा पियाला उचलला आणि काठोकाठ भरून पुढे ठेवला.

शेजारी बसलेल्या तरुण संशोधक झुल्हुमोरला हसू दाबताना ठसका लागला. इथं मानाच्या पाहुण्याला दोन घोटच ओततात, पुन्हा पुन्हा ओतता यावेत म्हणून. भरलेला पियाला म्हणजे प्या आणि निघा. राजधानीहून आलेल्या प्राध्यापकाला या डोंगरावर असा चहा कधी मिळाला नव्हता.

खरं तर घाबरायला हवं होतं तिने. दीर्घिका तिने मापली होती, आणि त्यावरचा तिचा लेख छापायला पाठवायचा की नाही ते दोमलांच्या हातात होतं. अंड्यासारखा आकार, ना बाहू, ना धूळ. सगळे लालसर, जुने तारे, नवा एकही जन्मत नाही. "म्हातारेच भरलेत तिथं," ती अमाकींना चिडवायची, "तुमच्या गावच्या चायखान्यासारखं."

"पोरी, अख्खी काच आण," अमाकी म्हणाले. "एवढासा कापलेला फोटो बघून काय कळणार यांना?"

तिने काच आणून खिडकीच्या उजेडात धरली. काच म्हणजे निगेटिव्ह, तिच्यावर आकाश पांढरं आणि तारे काळे. अमाकींनी दोमलांच्या हातात भिंग दिलं.

"मधली दीर्घिका राहू द्या. आजूबाजूचे तारे बघा. हात हलला असता तर सगळेच लांबले असते ना? का माझा हात माणसं बघून हलतो?"

दोमलांनी खिडकीपाशी जाऊन एक तारा पाहिला, दुसरा पाहिला, मग कोपऱ्यातले पाहिले. सगळे मोहरीच्या दाण्यासारखे गोल. मध्ये ती एकटीच लांबट, थोडी कलती. ते बराच वेळ वाकून होते.

अमाकींचा ऊर अभिमानाने भरून आला आणि त्यांनी ते लपवलंही नाही. दोन्ही हात दस्तरखानावर पसरून, सगळ्यांना दिसतील असे ठेवून ते बसले.

दोमला परत येऊन बसले. तो भरलेला, निवलेला पियाला त्यांनी तळापर्यंत संपवला. पण उठले नाहीत. किटली आपल्याकडे ओढली, डावा हात आदराने छातीवर ठेवला आणि अमाकींच्या पियाल्यात दोनच घोट ओतले.