बरोबर आलेलं गणित

"दिशाच्या वहीचं पान खोडून खोडून फाटतं, जरा लक्ष द्या," तिसरीच्या बाईंनी शाळेच्या ओपन हाउसला, पालकांच्या भेटीत, सांगितलं होतं. "टापटीप लागते हो माझ्या लेकीला," असं म्हणून मी विषय संपवला.

काल आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली, वरच्या मजल्यावरची समीक्षा आली. ती एम.एड. करतेय, मुलं गणित कसं शिकतात यावर तिचा प्रबंध आहे. तिने दिशाला विचारलं, शहाण्णव भागिले चार किती? दिशाने चटकन चोवीस लिहिलं. चला, सोसायटीत नाक राहिलं, असं मला वाटलं.

"हे कसं केलंस गं?" समीक्षाने सहज विचारलं. प्रबंधासाठी तिला तेच तर हवं होतं.

दिशाने माझ्याकडे पाहिलं आणि चोवीस खोडून टाकलं.

"अगं, खोडतेस काय? बरोबर होतं ना," मी म्हणाले.

"मग ताईने विचारलं कशाला?" दिशा म्हणाली. "तू तर चुकलं की विचारतेस, कसं केलंस म्हणून."

समीक्षा मान खाली घालून लिहीत राहिली.



आज तुमच्या लेकराचं गणित बरोबर आलं, की त्यालाही विचारा, कसं केलंस. ते वहीकडे बघतं की तुमच्याकडे, तेवढं बघा.