जवाची चौथी खेप

काकडीची रोपं मरायला तयार नव्हती.

मिनोवाने ट्रे पुन्हा पाहिला. रोपांची मान कुजवणारी बुरशी मातीत कालवून दहा दिवस झाले होते, आणि रोपं सुट्टीवर आल्यासारखी टवटवीत.

ही बुरशी वाढवायची ती वाफेत शिजवलेल्या जवाच्या दाण्यांवर, काचेच्या चंबूत. तीन खेपा झाल्या. दरवेळी पांढरे धागे जरा पसरत, मग दाणे बुळबुळीत होत आणि सगळं ठप्प.

"चौथीही फसली तर हा अभ्यास कुरामोचीकडे," विभागप्रमुख त्सुगे-सान म्हणाले होते.

कुरामोची शेजारच्या टेबलावर बसे. तिच्याहून तीन वर्षांनी कनिष्ठ, आकिताकडच्या, साके म्हणजे तांदळाची दारू बनवणाऱ्या घरातला. हातात कायम स्पिरिटची बाटली. दाराची मूठ पुसायचा, तिची खुर्चीसुद्धा. पुरावे पुसणारा माणूस, मिनोवाने मनात टिपून ठेवलं. शिवाय रोज सकाळी एकच प्रश्न.

"मिनोवा-सान, आज नाश्त्याला काय?"

"नात्तो. नात्तोसाठीच प्रसिद्ध असलेल्या मितोच्या मुलीला आणखी काय लागतं?"

"रोजच?"

"का रे? नाश्त्याला मी किती वेळ बाहेर असते ते मोजतोयस?"

"छे, छे. सहज." आणि तो मूठ पुन्हा पुसू लागे.

सहज कोणी रोज विचारतं का?

चौथ्या खेपेला तिने जागा सोडलीच नाही. चंबू कपाटात, कुलूप लावून. नाश्ताही तिथेच, कपाटासमोर: भात आणि आंबवलेल्या सोयाबीनचा नात्तो, त्याच्या चिकट तारा हनुवटीपर्यंत. खाऊन झालं की लगेच एकेका चंबूचा कापसाचा बोळा काढायचा आणि आत नाक खुपसून बघायचं, कुरामोचीने काही टाकलं तर नाही ना.

सहाव्या सकाळी दाणे बुळबुळीत.

"किल्ली फक्त माझ्याकडे असते," तिने त्सुगे-सानांना बोलावून आणलं. "तरी यानेच केलंय. विचारा त्याला."

त्सुगे-सानांनी चंबू हुंगला. मग कुरामोचीकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

कुरामोची कमरेत वाकला. "अंदाज होता. आमच्याकडे साकेच्या दिवसांत घरातलं कुणीच नात्तो खात नाही; त्यातले जिवाणू तोंडा-हातांवरून पसरले की साकेच्या भातावर हवी ती बुरशी धरत नाही. पण वरिष्ठांना, हे खाऊ नका, असं मी कसं सांगणार?"

त्सुगे-सानांनी चिमट्याने जवाचा एक दाणा उचलला. त्याच्यामागून एक लांब, चिकट तार बाहेर येतच राहिली.

"मिनोवा-सान, किल्ली कुरामोचीला द्या," ते म्हणाले. "आणि हनुवटी पुसा."