तिसरं पान

ती घुमी, नवरा बोलघेवडा. लेक गॅलरीतून पडून गेली, तेव्हापासून दोघं समुपदेशनाच्या गटात यायची. तो सगळ्यांसमोर धाय मोकलून रडायचा आणि हलका होऊन घरी जायचा. तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. “मी एकटीनं भेटले तर चालेल?” तिनं समुपदेशक बाईंना विचारलं. “इथं चारचौघांत बोलूनच बरं वाटतं सगळ्यांना,” त्या म्हणाल्या. शेवटी तिनं चार पानं लिहून बाईंपुढे धरली. “फक्त तुमच्यासाठी.” “अगं, लाजतेस काय? मी वाचतो!” नवऱ्यानं पानं हिसकावून घेतली. त्याचा खणखणीत आवाज तिसऱ्या पानावर अडकला. तिथं लिहिलं होतं: ‘त्या दिवशी गॅलरीचं दार सासूबाईंनी नव्हे, मीच उघडं टाकलं होतं.’ त्याच दारापायी त्यानं आईला घराबाहेर काढलं होतं. ती वृद्धाश्रमातच वारली. “थांबू नका,” बाई हसून म्हणाल्या, “त्या मोकळ्या होताहेत.”