बाळकोबाचं बारसं

डायनोसॉरचा धडा शिकवायला बालवाडीत प्रयोगशाळेतून अंडं येई. ते वर्गातच फुटे, आणि पिल्लू मुलांच्या गुडघ्याला लागू लागलं की गाडी येऊन त्याला मारायला घेऊन जाई. त्याचं नाव ठेवू द्यायचं नाही, एवढी एकच सूचना सुलक्षणाबाईंना होती. पण या वर्षी मुलांनी हट्टाने बारसं केलं. घुगऱ्या वाटल्या गेल्या. आत्या झालेली इरा पिल्लाच्या कानात, म्हणजे कान असावा अशा जागी, हळूच "बाळकोबा" म्हणाली.

पुढे बाळकोबा इराच्या गुडघ्याला लागू लागला, आणि एका सोमवारी पिंजरा रिकामा दिसला.

"बाळकोबा कुठे गेला?" इराने विचारलं.

"आईकडे गेला गं त्याच्या," बाई म्हणाल्या.

"पण त्याची आई तर कोट्यवधी वर्षांपूर्वी मेली. तुम्हीच शिकवलंत."

बाई फळा पुसू लागल्या. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नवं अंडं आलं. टरफल तडकलं, ओलं डोकं बाहेर आलं, आणि पिल्लू चिरकत मुलांच्या दिशेने सरकू लागलं. कुणीच पुढे झालं नाही.

"घाबरू नका, काही करत नाही ते," बाई म्हणाल्या. "याचं नाव काय ठेवायचं, सांगा बरं."

इरा उठली. पिल्लाशेजारी उभी राहिली, ते आपल्या गुडघ्याला लागतंय का ते तिने वाकून पाहिलं, आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली.

"अजून वेळ आहे, बाई," ती म्हणाली.