फ्लायव्हीलला टाकी

भिंगारच्या लालमहंमद मिस्त्रीनं बन्सीभाऊंच्या प्रवासी मोटारीचा जळका क्लच उतरवला आणि त्यामागच्या फ्लायव्हीलवरून अंगठा फिरवला. "नुसती क्लचप्लेट बदलून भागायचं न्हाई, भाऊ. हे चाकपन पार गुळगुळीत झालंय, नव्या प्लेटीला धरनार न्हाई. चाकबी नवं घ्या."

"लढाईच्या दिवसांत नवं चाक कुठनं आनू? उद्या वऱ्हाड न्यायचंय!"

मिस्त्री नमाजाला गेला. बन्सीभाऊ डोकं धरून बसले होते, तेवढ्यात रस्त्यावरनं जात्यांना टाकी लावत फिरणाऱ्या छबूबाईची हाळी आली, "जात्याला टाकीऽऽ!" भाऊंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गुळगुळीत जातं टाकी लावल्यावर दाणा धरतं, मग चाकानंच काय घोडं मारलंय?

छबूबाईनं छिन्नी-हातोडीनं चाकाला झकास टाकी लावली. मजुरी म्हणून तिला नगरपर्यंत मोटारीतनं न्यायचं ठरलं.

मिस्त्रीनं परत येऊन कपाळावर हात मारला. "अवो, ही मोटार हाय, जातं न्हाई!" पण भाऊ हटूनच बसले, तेव्हा त्यानं नवी प्लेट बसवून सगळं जोडून दिलं.

मोटार अशी झेपावली, की भाऊंनी मिशीला पीळ दिला. बाजार ओलांडायच्या आत मात्र खालून खरखर झाली आणि मोटार जागीच बसली. मिस्त्रीनं धावत येऊन झाकण काढलं, तर नव्या प्लेटीचा काळा भुगा भसाभस खाली आला. भाऊंनी छबूबाईकडं डोळे वटारले.

तिनं चिमूटभर भुगा बोटांत चोळून पाहिला.

"टाकीला नावं ठिवू नका, भाऊ. पीठ बगा की किती बारीक पडलंय!"