तुला गाडीतलं काय कळतं?

नवऱ्याने त्याच्या जुन्या स्पोर्ट्स कारला दुप्पट ताकदीचं इंजिन बसवून घेतलं. आज ती घाटात पळवून मित्रांना दाखवायची होती. तो आंघोळीला गेला आणि मेकॅनिकचा फोन आला. "वहिनी, साहेबांना परोपरीने सांगितलं, ऐकतच नाहीत. ब्रेक जुनेच आहेत. उतारावर ही गाडी थांबायची नाही. कसंही करून त्यांना आज अडवा."

तिने गाडीची चावी पिठाच्या डब्यात खोल खुपसून ठेवली.

चावी सापडेना तसं त्याने घर डोक्यावर घेतलं. ती म्हणाली, "अहो, आधी ते ब्रेक..." पुढचं त्याच्या ठोशाने तोंडातच राहिलं. केस धरून त्याने तिचं डोकं ओट्यावर आपटलं. "तुला गाडीतलं काय कळतं गं? पुन्हा गाडीबद्दल तोंड उघडलंस तर जीभ हासडीन."

ती उठली. सिंकमध्ये रक्त थुंकली, त्याबरोबर एक दातही पडला. तिने नळ सोडला.



मग डब्यातून चावी काढली, फडक्याने पीठ नीट पुसलं आणि ती त्याच्या हातात ठेवली.