चवीला माणूस

शैलेशनं पहिल्या टाकीची तोटी सोडली, ग्लास भरला, तोंडाशी नेला आणि गळ्यातल्या तुळशीच्या माळेला तो टेकताच दचकून खाली ठेवला. दुसऱ्या टाकीपाशी तेच झालं. तिसरीपाशी त्यानं नुसता वास घेतला, तोही कुणी बघत नाही ना याची खात्री करून.

संध्याकाळी भूगावचे हॉटेलवाले येणार होते. चांदणी चौक सोडून पौड रस्त्याला लागलं की हल्ली जागोजागी क्राफ्ट बिअरच्या पाट्या दिसतात. नव्या सोसायट्यांतली आयटीवाली मंडळी शनिवारी तेवढ्यासाठी गाड्या काढतात. कुणी आंब्याची बिअर करतो, कुणी कॉफीची. भुकूमच्या शैलेशनं घरामागच्या शेडमध्ये सातूबरोबर मुळशीचा आंबेमोहर शिजवला होता. तीन टाक्या, तिन्हींची तऱ्हा वेगळी. हॉटेलवाले एकच चाखणार. आवडली तर वर्षभर घेणार, नाही तर शेडला कुलूप. आणि कुठली पुढं करायची हे ठरवणारी त्याची जीभ आता देवाच्या नावानं बांधली गेलेली.

झालं होतं असं की, गावच्या सप्त्यात आदल्या रात्री नरहरी महाराजांचं कीर्तन होतं. महाराजांची उतरायची सोय शैलेशच्याच घरी. त्याच्या आईनं, रत्नाबाईंनी, आधीच त्यांच्या कानावर घातलेलं, "पोरगं बिअर करतंय ते करतंय, वर पितंय बी. कायतरी बोला." महाराज त्या रात्री बाटलीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी फक्त दारात ताट झाकून बसलेली एक आई उभी केली. मग चाल धरली. पखवाज घुमला, टाळकरी एका पायावर आले, आवाज चढत चढत असा काही वर गेला की मंडपातला माणूस न् माणूस आपापल्या आईपाशी जाऊन पोचला. शैलेश कधी उठला, महाराजांपुढं कधी वाकला, त्याचं त्यालाच कळलं नाही. भानावर आला तेव्हा गळ्यात माळ होती. मांसमच्छी बंद, दारू बंद.

आता त्यानं मेंढरं राखणाऱ्या धुळाला हाक मारली. सातूचा उरलेला चोथा न्यायला धुळा रोज यायचा. त्यानं तिन्ही ग्लास उभ्या उभ्या रिकामे केले.

"पयली लई भारी," धुळा म्हणाला. "दुसरी बी लई भारी."

"आणि तिसरी?"

"तिसरी पयलीसारकीच. पुन्ना एक डाव बघू का?"

शैलेशनं त्याला चोथ्याच्या पोत्यासकट वाटेला लावलं आणि घर गाठलं. महाराज पडवीत चहा घेत होते. परतीची गाडी यायची होती.

"महाराज, आजच्या दिवस माळ काढली तर चालंल? उद्या सकाळी आंघोळ करून परत घालतो."

महाराजांनी तोंड उघडायच्या आत रत्नाबाई आतून कडाडल्या, "माळ म्हंजी काय इस्त्रीचा शर्ट हाय व्हय रं, काढला न् घातला?"

शैलेश मटकन खाली बसला. हॉटेलवाले, तीन टाक्या, कुलूप, सगळं त्यानं सांगितलं. रत्नाबाई चौकटीला टेकून ऐकत राहिल्या. तालुक्यातलं एक कीर्तन त्या चुकवत नसत, आणि एकही पंगत त्यांच्या तोंडातून सुटत नसे. आमटीत मीठ किती चिमटी कमी पडलं ते त्या घास गिळायच्या आत सांगायच्या. वाढपी त्यांना टरकून असत. पण शेडची पायरी त्या आजवर चढल्या नव्हत्या.

महाराज म्हणाले, "माळ घालायची मला शिकवली, काढायची नाही शिकवली. पण माउली, घरात बिनमाळेचं दुसरं कुणीच नाही का?"

"कुटलं? सगळं माळकरीच हायेत की," शैलेश म्हणाला.

गळा कायम पदराखाली झाकणाऱ्या रत्नाबाईंनी पदर आणखी पुढं ओढला. "हाय एक."

"कोण?"

"म्याच." त्या जमिनीकडं बघत म्हणाल्या, "सुकट सुटंना, महाराज. दरसाली ठरवते. मग पौडच्या बाजारात बोंबलाचा वास येतो न्..."

महाराज खो खो हसले. झोळीत हात घालून त्यांनी नवी कोरी माळ काढली. "मग आजच योग आहे. वाका."

रत्नाबाई वाकल्यासुद्धा. पण वाकता वाकता त्यांचं लक्ष पोराच्या तोंडाकडं गेलं. त्या ताठ झाल्या.

"वाईच थांबा," म्हणाल्या, आणि तरातरा शेडकडं निघाल्या. महाराज माळ हातात घेऊन मागोमाग गेले आणि दाराबाहेर थांबले.

रत्नाबाईंनी देवाचं नाव घेतलं, डोळे गच्च मिटले आणि पहिला घोट घेतला. "ईऽऽ! काढा हाय का काय ह्यो?" चूळ भरली. दुसरा घेतला. "ही पानचट. शेवटच्या पंगतीला आमटीत तांब्या वततात, तशी." पुन्हा चूळ. तिसरा घोट त्यांनी तोंडात घोळवला. मग आणखी एक घेतला.

"शैल्या, ह्यात तांदूळ लागतोय. आपल्या खाचरातला." त्यांनी तिसऱ्या टाकीवर हात ठेवला. "ही दे त्यास्नी. थोडी गार करून दे."

शैलेशनं आईचे पाय धरले. दाराबाहेर महाराजांनी माळ पुढं केली.

"झालं ना पोराचं काम? या माउली, आता वाका."

रत्नाबाईंनी पदरानं तोंड पुसलं, तिथूनच महाराजांना हात जोडले आणि म्हणाल्या, "इतक्यात नगं, महाराज. पोराचा धंदा आत्ता कुटं वर यायला लागलाय."